मुलूखमैदानचा ओतारी

सभा गाजविणाऱ्या खणखणीत वक्त्यास आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो. हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की, या नावाची खरीखुरी तोफ आहे, याचे पुष्कळांस स्मरणही राहत नाही. ‘मलिक-इ-मैदान’ म्हणजे रणांगणाचा राजा. लोकांच्या तोंडी त्याचे मुलूखमैदान झाले. आज ही तोफ विजापूरच्या, म्हणजे आजच्या विजयपूरच्या, बुरुजावर आहे. पण त्यापूर्वी ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा किल्ल्याचे भूषण होती. ज्या थोर कारागिराने ती ओतली, त्याचे नाव मुहंमद बिन हसन रूमी. रूमी खान या नावानेही तो ओळखला जातो.

त्याच्या नावातच त्याचा परिचय आहे. ‘बिन हसन’ म्हणजे हसनचा पुत्र आणि ‘रूमी’ म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. त्या काळी तोफा ओतण्याच्या विद्येत तुर्कांचा मोठा लौकिक होता. इ. स. १४५३ मध्ये त्यांनी प्रचंड तोफांच्या माऱ्याने कॉन्स्टँटिनोपलचे अभेद्य तट फोडले होते. पुढे सोळाव्या शतकात अनेक रूमी उस्ताद हिंदुस्थानात आले. बाबराच्या तोफखान्यात मुस्तफा रूमी होता. गुजरातच्या सुलतानाने दुसऱ्या एका मुस्तफास रूमी खान हा किताब दिला होता. ही विद्या केवळ ग्रंथ वाचून येणारी नव्हती. बाप मुलास आणि उस्ताद शागिर्दास ती भट्टीशेजारी उभी करून शिकवी. दूरच्या जपानात तलवारी घडविण्याची विद्याही अशीच घराण्याघराण्यांतून चालत आली. तेथील कारागीर पात्याच्या मुठीत दडणाऱ्या भागावर आपले नाव कोरीत असत.

तोफ ओतणे हे मोठ्या जोखमीचे काम असे. प्रथम मातीचा साचा करून तो पक्का वाळवीत. त्याच्या भोवती भट्ट्या पेटवून तांबे व कथील वितळवीत आणि तो रस पाटांवाटे साच्यात सोडीत. रस मध्येच थांबला किंवा साच्यात ओल राहिली, तर महिनोमहिन्यांचे श्रम वाया जात. इ. स. १५२६ मध्ये आग्र्यास बाबराचा उस्ताद अली कुली याने आठ भट्ट्या पेटवून एक तोफ ओतली. साचा पुरता भरण्यापूर्वीच रस संपला. लाजेने व्याकूळ झालेला तो उस्ताद उकळत्या धातूत उडी टाकावयास निघाला. बाबराने त्याचे सांत्वन केले आणि त्यास मानाचा पोशाख दिला. पुढे साचा उघडून पाहतात, तो तोफेची नळी निर्दोष निघाली! कारागिराचा जीव आपल्या कामात किती गुंतलेला असतो, हे या प्रसंगावरून कळून येते.

रूमी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, बुऱ्हाण निजामशहाच्या सेवेत होता. तेथे इ. स. १५४९ मध्ये त्याने मुलूखमैदान ओतली. तिची लांबी सुमारे साडेचार मीटर आणि वजन सुमारे ५५ टन! तिच्या मुखाशी एक सिंह जबडा पसरून उभा आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जात आहे, असे शिल्प आहे. तिचा धातू घंटेचा. आजही तिच्यावर हलकेच टिचकी मारली, तर ती घंटेसारखी वाजते. तिच्या अंगावर निजामशहाच्या नावाबरोबर रूमीने आपलेही नाव कोरले. राजाच्या नावाशेजारी कारागिराचे नाव येण्याचा मान फार थोड्यांस लाभतो.

इ. स. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत ही तोफ धडाडली असे सांगतात. पुढे ती परांड्यास आली. भक्कम दुहेरी तट आणि खोल खंदक असलेल्या या किल्ल्यात ती निजामशाहीचे रक्षण करीत राहिली. पुढे निजामशाही डळमळली आणि परांडा विजापूरकरांच्या हाती गेला. इ. स. १६३२ मध्ये मुरारपंताने ही तोफ विजापुरास नेली. त्या कामी १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. इ. स. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि आपल्या विजयाचा लेखही तोफेवर कोरविला. मात्र रूमीचे नाव त्याने पुसले नाही.

तोफेवर सर्वांत मोठे संकट आले ते रणांगणाबाहेर. इ. स. १८५४ मध्ये इंग्रज सरकारने तिचा लिलाव पुकारला. सर्वांत मोठी बोली अवघ्या १५० रुपयांची झाली! एवढ्या किमतीत ती कुणी घेऊन गेला असता, तर तिचे तुकडे होऊन ती पुन्हा भट्टीत गेली असती. परंतु ही किंमत फारच थोडी आहे आणि लोकांच्या मनात या तोफेविषयी आदर आहे, हे एका अधिकाऱ्याच्या ध्यानी आले. त्यामुळे विक्री रद्द झाली आणि तोफ वाचली.

निजामशाही गेली, आदिलशाही गेली, मोगलांचे साम्राज्यही लयास गेले. पण हसनच्या पुत्राचे नाव तोफेवर अजून वाचता येते. आपल्या गावचे ओतारी, लोहार, तांबट यांनी घडविलेल्या घंटा, समया आणि अवजारे आपण नित्य वापरतो. त्यांपैकी कितीजणांची नावे आपणांस ठाऊक असतात? परांड्याच्या तटावर पाय ठेवाल, तेव्हा त्या किल्ल्याचे किल्लेदार जसे आठवाल, तसेच भट्टीच्या धगीत उभे राहिलेले हे कारागीरही आठवा.