पंडिता रमाबाई : प्रार्थनेच्या खोलीचे उघडे दार



रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला तुम्ही कधी ना कधी आला असालच. इथून न्हावऱ्याच्या बाजूने दक्षिणेकडे निघालं आणि भीमा ओलांडली, की दौंड तालुका लागतो. याच तालुक्यात पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन ते हेच. आपल्या पुस्तकांत समाजसुधारकांच्या यादीत त्यांचं नाव येतं. शारदा सदन काढले, एवढं मुलं पाठ करतात. पण आपली श्रद्धा रोजच्या जगण्यात उघडपणे पाळल्याबद्दल त्यांनी काय किंमत मोजली, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. आज तेवढंच पाहू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. पुढे आईने रमेला शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेव्हा तिचं वय होतं वीस!

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वेगळ्या जातीच्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८२ मध्ये तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानांना नीट ऐकू येत नसल्याने ते राहून गेलं.

इंग्लंडमध्ये त्यांनी एक काम पाहिलं. जगाने वाईट ठरवून टाकून दिलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने वागवत होत्या. या मायेचं मूळ कुठे आहे, असं त्यांनी विचारलं आणि येशूची शिकवण वाचली. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बघा, विचार करायचं त्यांनी सोडलं नाही. न पटलेल्या गोष्टींवर त्या तिथल्या धर्मगुरूंशीही वाद घालत राहिल्या. मायदेशी परतल्यावरही शाकाहार आणि साडी सोडली नाही.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या. पैसा अमेरिकेतल्या मंडळींचा होता, पण शाळेत धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. दुसऱ्या वर्षी शाळा पुण्याला आली आणि खरी कसोटी तिथे लागली.

रमाबाई रोज पहाटे मुलीसोबत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं ठेवत. कुणाला बोलवत नसत, कुणाला हाकलतही नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला. केसरीतून कडक टीका झाली. सल्लागार मंडळातले रानडे आणि भांडारकर यांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुलींना पालक घरी घेऊन गेले. दार लावून घेतलं असतं, तर कदाचित हे टळलं असतं. त्यांनी दार लावलं नाही.

इथे थांबून पालकांच्या बाजूनेही पाहा. आपली पोर ज्यांच्या घरात राहते, जेवते, शिकते, त्यांचा तिच्यावर किती प्रभाव पडत असेल! धर्म शिकवणार नाही असा शब्द दिल्यावर उघडं दारसुद्धा शिकवणंच नाही का, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. वर्गात दोन्ही बाजू ठेवा. मुलं फार चांगली चर्चा करतात, हा माझा अनुभव आहे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. उपासमार म्हणजे काय हे रमाबाईंना सांगावं लागत नव्हतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून सगळ्यांना केडगावच्या जमिनीवर नेलं. मुक्ती सदन उभं राहिलं ते असं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, छापखाना अशी कामं बायका शिकल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाऊ लागलं. टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं. इंग्लंडमध्ये जे पाहून मन बदललं होतं, तेच काम त्यांनी आपल्या मातीत करून दाखवलं. केडगावला मात्र त्या येशूविषयी उघडपणे शिकवत, तिथे आडपडदा नव्हता.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. संस्कृतची एवढी पंडिता, पण अवघड संस्कृत शब्द त्यांनी मुद्दाम टाळले. चुलीपाशी बसलेल्या बाईलाही वाचून कळावं, हा हेतू. छपाईचं कामही केडगावच्याच बायकांनी केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनी देह ठेवला.

पालकहो, तुमची श्रद्धा कोणतीही असो, विठ्ठलावर, अल्लावर, बुद्धावर, येशूवर किंवा फक्त माणुसकीवर. मुलं तुमचं बोलणं कमी ऐकतात आणि वागणं जास्त पाहतात. जे मानता ते लपवू नका आणि दुसऱ्यावर लादूही नका. आणि आपल्याकडे लहान मुलं विश्वासाने सोपवलेली असतात, हे आम्हा शिक्षकांनी तर कधीच विसरू नये.

वर्गात विचारण्यासाठी :
१. रमाबाईंनी दार उघडं ठेवलं ते बरोबर होतं का? तुम्हाला काय वाटतं?
२. तुम्ही त्या वेळचे पालक असता, तर मुलीला घरी आणलं असतं का?
३. सोप्या भाषेत लिहिणं कठीण का असतं? पुस्तकातला एक अवघड परिच्छेद आजीला समजेल असा लिहून आणा.