मल्लवीर खाशाबा जाधव

वऱ्हाडातील एखाद्या जत्रेत दंगल पाहिलेल्या मुलांना हे दृश्य परिचित असेल. गाव अमरावतीकडचे असो की अकोल्याकडचे, आखाड्याभोवती माणसांचे कडे पडलेले असते, डफडे घुमत असते आणि चार जाणती माणसे दोन मल्लांना शेजारी उभे करून जोड ठरवीत असतात. ही जोड केवळ डोळ्यांनी ठरते. उंची, छाती, मांड्या यांवरून एकदा नजर फिरविली की झाले. तराजूची आठवण तेथे सहसा कोणाला होत नाही. जमलेल्या लोकांचे लक्ष तर सर्वांत थोराड मल्लाकडेच लागलेले असते. देह पहाडासारखा असेल तोच मोठा पहिलवान, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे.

स्वतंत्र भारताला ऑलिम्पिक स्पर्धेत पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा मल्ल मात्र पहाडासारखा नव्हता. तो पहिल्या ऑलिम्पिकला गेला तेव्हा त्याचे वजन ५२ किलोंच्या मर्यादेत होते. ज्वारीच्या भरल्या पोत्याच्या जवळजवळ निम्मे म्हणा ना! त्या मल्लाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर या लहानशा गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः कुस्तीगीर होते. बाळ चालू-धावू लागले न लागले तोच, वयाच्या पाचव्या वर्षी, त्यांनी त्याला आखाड्याच्या मातीत उतरविले. पुढे कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना खाशाबा कुस्तीबरोबर धावणे, पोहणे व मल्लखांब यांतही रमत. १९४२ च्या चळवळीत या शाळकरी मुलाने भूमिगत कार्यकर्त्यांना मदत केली. शालेय शिक्षण संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे मल्लांची पंढरी. तेथे बाबूराव बलवडे व बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांच्या कुस्तीला धार चढली.

१९४८ साली लंडन येथे ऑलिम्पिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा भार उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा सातासमुद्रापार गेले. आखाड्याची माती अंगाखांद्यावर घेऊन वाढलेल्या या तरुणाला तेथे दोन गोष्टी नवीन होत्या. एक होती गादी आणि दुसरी होती वजनाचा काटा.

आपल्या मातीतील कुस्तीला बहुधा घड्याळ नसते. माती पाय धरून ठेवते, घामेजल्या अंगाला चिकटते आणि झटापटीचा वेग आपोआपच मंदावतो. मल्ल एकमेकांना तोलत, दमवीत, संधीची वाट पाहत राहतात. गादीवरची कुस्ती निराळी. त्या काळी तेथे एका लढतीला १५ मिनिटांची मर्यादा होती. तेवढ्या वेळात प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे टेकविता आले नाहीत, तर कोणी अधिक चढाई केली, कोणाचे डाव अधिक यशस्वी ठरले, हे पाहून पंच निर्णय देत. साहजिकच गादीवर वाट पाहत बसणारा मागे पडे.

काट्याचे म्हणाल, तर त्या ऑलिम्पिकमध्ये मुक्त शैलीच्या कुस्तीचे आठ वजनगट होते. सर्वांत हलका गट ५२ किलोंपर्यंतचा आणि सर्वांत वरचा ८७ किलोंच्या पुढचा. हलक्याने हलक्याशी व भारी मल्लाने भारी मल्लाशी लढावे, असा न्याय. अकोल्यात मुष्टियुद्धाचा सराव करणाऱ्या आजच्या मुलांना हा हिशेब ठाऊक असतो, कारण मुष्टियुद्धातही आधी काटा आणि मग झुंज असाच क्रम आहे. ठोशामागे अंगाचा भार असतो. भारी माणसाचा ठोसा जड पडतो आणि भारी मल्लाची पकड सुटता सुटत नाही. परंतु देहाचा प्रत्येक किलो लढतीच्या पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत वाहून न्यावा लागतो. त्यासाठी फुप्फुसांना अधिक हवा घ्यावी लागते व हृदयाला अधिक रक्त खेळवावे लागते. वजन स्नायूंचे असेल तर ते निदान आपला भार आपण उचलते. चरबीचे असेल तर ते नुसतेच पाठीवर बसून राहते. म्हणून जो मल्ल पहिल्या दोन मिनिटांत अजिंक्य भासतो, तोच दहाव्या मिनिटाला धापा टाकताना दिसतो.

खाशाबांची चपळाई आता उपयोगी पडली. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना लंडनला जाण्यापूर्वी गादीवरील कुस्तीचे मार्गदर्शन केले होते. शिकावयाला मिळालेला काळ थोडाच होता. तरीही खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला व अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरविले. या लहानखुऱ्या मल्लाचा झपाटा पाहून प्रेक्षक थक्क झाले. इराणच्या मन्सूर रईसीने मात्र त्यांना पराभूत केले आणि खाशाबांचा सहावा क्रमांक लागला. ज्याने तोपर्यंत गादी फारशी पाहिलीही नव्हती, त्याच्या दृष्टीने हे यश लहान नव्हते. खाशाबांचे समाधान त्याने झाले नाही.

पुढील चार वर्षे त्यांनी मेहनतीत घालविली. या काळात एक महत्त्वाचा बदल झाला. खाशाबा ५२ किलोंचा गट सोडून ५७ किलोंच्या गटात गेले. पाच किलो म्हणजे बाजारातील धान्याची एक पिशवी; ती उचलताना आपल्याला काही वाटत नाही. लहान चणीच्या मल्लाला मात्र हा फार मोठा फरक असतो. वरच्या गटातील प्रतिस्पर्धी अधिक बळकट असतात. त्यांच्याशी भिडण्यासाठी वजन तर वाढले पाहिजे, पण त्या वाढीने पाय जड होता कामा नयेत आणि दम उणा होता कामा नये. बाविसाव्या वर्षीचे शरीर सव्विसाव्या वर्षी भरून येते. ही भर जोर, बैठका, धावणे आणि रोजची लढत यांतून आली तर ती बळ ठरते. केवळ खुराकावर आली तर ओझे ठरते.

याच्या उलट वाटही काही मल्ल धरतात. अंग भरत चालले तरी ते खालच्याच गटाला चिकटून राहतात. काट्यावर उभे राहण्यापूर्वी ते अन्न तोडतात, पाणी तोडतात आणि घाम गाळून दोन-तीन किलो उतरवितात. काटा फसतो, पण शरीर फसत नाही. पाण्यावाचून रक्त घट्ट होते, हृदय धडधडू लागते आणि मल्ल लढतीच्या मध्यावरच गळून जातो. वाढत्या वयाच्या मुलांनी तर हा उपाय कधीच करू नये.

मल्लाच्या दमाचा हा विचार आपल्या वऱ्हाडातही जुना आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले. तेथे कुस्तीबरोबर मल्लखांब, लेझीम, आसने व मैदानी खेळही शिकविले जात. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे दाखविली, तेव्हा खाशाबा दहा वर्षांचे होते. नुसते अंग कमावणे पुरेसे नाही, ते हलतेही ठेविले पाहिजे, हे त्या जुन्या व्यायामशिक्षकांना चांगले ठाऊक होते.

१९५२ चे ऑलिम्पिक फिनलंडमधील हेलसिंकी येथे भरावयाचे होते. खाशाबांची तयारी पूर्ण होती, परंतु निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला, असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत ठरली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि त्यांचे नाव संघात आले.

आता प्रश्न पैशांचा होता. शेतकऱ्याच्या घरातील या मल्लाजवळ परदेशच्या प्रवासापुरता पैसा कोठून असणार! खाशाबा दारोदार फिरले. गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिले. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर पुढे झाले. त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले आणि ते आपल्या विद्यार्थ्याच्या हाती ठेविले. खाशाबा हेलसिंकीच्या गादीवर उतरले तेव्हा काट्यावर त्यांचे वजन ५७ किलोंच्या आतच भरले असले, तरी गुरूचे घरही त्यांच्या खांद्यांवर होते.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरविले, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्टोला हरविले आणि जर्मनीच्या फर्डिनंड श्मिट्झवरही मात केली. वरच्या गटातील हे मल्ल त्यांच्या वेगापुढे टिकू शकले नाहीत. मग दोन कठीण लढती आल्या. एक जपानच्या शोहाची इशीशी होती व दुसरी सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी. या दोन्ही लढती खाशाबांना लागोपाठ द्याव्या लागल्या. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु तो बजावून सांगण्यास भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. पहिल्या लढतीने थकलेल्या मल्लाला दुसऱ्या लढतीस उभे राहावे लागले. दम वाढविण्यासाठी माणूस वर्षानुवर्षे कष्ट करतो. तो पुन्हा भरून येण्यास मात्र थोडा वेळ द्यावाच लागतो, मग मल्ल कितीही तयारीचा असो. दोन्ही लढती खाशाबांच्या हातून निसटल्या. इशीने सुवर्णपदक मिळविले, मम्मदबेयोव्हने रौप्य.

कांस्यपदक खाशाबांचे होते. तो दिवस २३ जुलै १९५२ चा. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे वरच्या गटात चौथे आले. पदक त्यांना थोडक्यात हुकले.

खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनवर माणसांचा पूर लोटला होता. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक वाजतगाजत गोळेश्वरकडे निघाली. एरव्ही ती वाट घटकाभरात संपावी. त्या दिवशी तिला कित्येक तास लागले. सत्काराचे हार सुकले, तेव्हा खाशाबांनी पहिले काम कोणते केले असेल? त्यांनी कुस्त्यांचे फड लावले, स्वतः त्यांत लढले, कुस्त्या जिंकल्या आणि मिळालेली रक्कम खर्डेकरांना दिली. प्राचार्यांचे घर सुटले.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना तिसऱ्या ऑलिम्पिकला जाता आले नाही. नोकरीत त्यांनी अनेक पोलीस मल्ल घडविले व साहाय्यक पोलीस आयुक्त या पदापर्यंत ते चढले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्या दिवसापर्यंत त्यांच्यानंतर एकाही भारतीयाला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालेले नव्हते. ते पुढे १९९६ साली टेनिसपटू लिअँडर पेस यांना मिळाले. हयातीत खाशाबांच्या वाट्याला मोठे सरकारी सन्मान फारसे आले नाहीत. अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तरच मिळाला. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला खाशाबा जाधव यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.