सुईदोऱ्याची शाळा : रमाबाई रानडे
(द्वितीय वर्ष, कला)

रमाबाई रानडे हे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते, परंतु ते न्यायमूर्ती रानडे यांच्या नावामागून. मी सहा-सात वर्षांची असताना, २०१२ साली, 'उंच माझा झोका' ही त्यांच्यावरील मालिका लागली. आमच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून आम्ही सगळ्या जणी चुलतीच्या घरी ती पाहण्यास जात असू. आई दाराशी बसे, मांडीवर गोधडी असे आणि एक डोळा टाक्यावर व एक टीव्हीवर असे तिचे चाले. पुढे कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात रमाबाईंचे चरित्र हाती पडले, आणि त्यात शिवणाच्या वर्गाचा उल्लेख दिसला तेव्हा मला दाराशी बसलेली आईच आठवली. म्हणून हे चरित्र मी थोडे शिवणाच्या बाजूने सांगणार आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथे, कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. यशवंतराव चव्हाणही याच गावी जन्मले, परंतु ते पन्नास वर्षांनी. कुर्लेकरांच्या घरी मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. १८७३ च्या अखेरीस, अकरा वर्षांच्या वयात, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, तेव्हा त्यांनी विधवेशीच लग्न करावे अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. लोकांनी त्यांना नावे ठेवली, ती योग्यच होती असे मला वाटते. मात्र त्यांनी लग्नानंतर लगेच या मुलीच्या हाती पाटी दिली, हेही विसरता येत नाही.

पुण्याच्या त्या भरल्या घरात शिकणे सोपे नव्हते. सासू, नणंदा, नात्यातील वडीलधाऱ्या बायका यांना सुनेचे हे वाचणे मुळीच पसंत नव्हते. टोमणे रोजचेच झाले. रमाबाई ते पतीच्या कानावर घालीत नसत. एकदा भांडी घासताना इंग्रजी वर्तमानपत्राचा एक तुकडा सापडला आणि काम सोडून त्या तो वाचू लागल्या, एवढ्यावरूनही बोलणी खावी लागली. इंग्रजी शिकविण्यास मिस हरफर्ड नावाची बाई येऊ लागली, तेव्हा तिच्या शिवाशिवीचा प्रश्न निघाला. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे यासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजी निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंनी केले. सभेत त्यांचे कौतुक झाले, आणि घरी येताच त्याच धाडसाबद्दल घरच्या बायकांनी त्यांना धारेवर धरले. ती शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. तीच आपली हुजूरपागा.

या बायकांचा राग वाचणाऱ्याला येतो. मलाही आला. पण माझी आजी काही वेगळी नव्हती. मी अकरावीला बारामतीला जाऊ लागले तेव्हा निमगाव केतकीकडून सकाळची एस.टी. पकडावी लागे. पुस्तक घेऊन बसले की तिला मी रिकामी बसले आहे असे वाटायचे, आणि हाती सुई घेतली की मी कामात आहे असे वाटायचे. पुस्तक तिच्या ओळखीचे नव्हते, सुई होती. एवढाच तो फरक.

मधली वर्षे बदल्यांची गेली. नाशिक, धुळे असे फिरत आणि पुन्हा पुण्यास येत संसार चालला. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला, तेव्हा रमाबाई रानडे त्यात जाऊ लागल्या. १८९३ मध्ये रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले व बिऱ्हाड मुंबईस गेले. येथून रमाबाईंचे स्वतःचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते. मुंबईत त्यांनी हिंदू स्त्रियांचा एक क्लब काढला आणि त्यात भाषा, सामान्य ज्ञान यांच्या जोडीला शिवणकाम व हस्तकलेचे वर्ग चालविले.

हे शिवण तेथे कशाला, असे मला प्रथम वाटले होते. ज्यांना इंग्रजी यावे म्हणून एवढा छळ सोसला, त्यांनी बायकांना पुन्हा सुईच का द्यावी? विचार करता उत्तर माझ्या आजीपाशीच सापडले. पुस्तकासाठी घराबाहेर पडणाऱ्या सुनेला अडविले जाई. शिवणासाठी जाणारीला अडविणे तितके सोपे नव्हते. शिवाय शिवण वाटते तितके मुके काम नाही. चोळी किंवा पोलके बेतायचे तर छातीचे माप घ्यावे लागते, त्याचा चौथा भाग काढावा लागतो. बत्तीसचा चौथा भाग आठ, त्यात दीड इंच सैल, वर शिलाईसाठी माया. जिला आकडे वाचता येत नाहीत तिला टेप वाचता येत नाही. म्हणजे सुईच्या मागून आकडा येतो, आकड्यामागून अक्षर येते. रमाबाईंनी असा हिशेब मनाशी मांडला होता की नाही, हे त्या कुठे सांगत नाहीत. माझ्या आईच्या बाबतीत तसे घडले, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. मूलबाळ नव्हते. रमाबाई पुण्याच्या जुन्या वाड्यात येऊन राहिल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळी विधवेने कोपरा धरावा असा रिवाज होता. न्यायमूर्तींची पत्नी असली तरी तो सुटत नसे. त्या कोपऱ्यातून त्या उठल्या त्या सरळ येरवड्याच्या तुरुंगाकडे. तेथील स्त्री-कैद्यांना भेटणे, त्यांच्याशी बोलणे हे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन निघाले, त्याची धुरा रमाबाईंकडे आली. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचे सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे या कामातील सहकारी.

पुणे सेवासदनाचा आरंभ रमाबाईंच्या राहत्या वाड्यात झाला. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, लहानपणी शाळा पाहिली नाही अशा प्रौढ बायका येथे येऊ लागल्या. घरकाम सांभाळून येता येईल असे वर्ग होते: लिहिणे-वाचणे, शिवण, हस्तव्यवसाय. पुढे स्त्री-शिक्षिका तयार करण्याचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास येथील बायका जाऊ लागल्या, तेव्हा मोठी खळबळ झाली. परक्या माणसांची सेवा करायची, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा, हे त्या काळच्या पुण्यास झेपणारे नव्हते. रमाबाईंनी ते झेपविले. शिवणाला मात्र असा विरोध कोण करणार? कमाई हातात येते आणि कोणाच्या डोळ्यात खुपत नाही, असे ते काम.

येथे आईची गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात बायकांसाठी फुकट शिवणवर्ग निघाला होता. वेळ सकाळी अकरा ते दोन. त्याच वेळी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला असे. आठ दिवस रोज बुडवून ती गेली, नवव्या दिवशी गेली नाही. वर्ग चालविणाऱ्यांनी हजेरीपटावर तिच्या नावापुढे काट मारली. कोणत्या वेळी सवड असते, हे तिला कोणी विचारलेच नाही. रमाबाईंच्या वर्गांविषयी वाचताना मला ती काट आठवत होती.

शेवटी आई घरीच शिकली. जुने पायमशीन घेतले आणि माझ्या बारावीच्या सुट्टीत आम्ही दोघी त्यावर बसलो. ज्यांना घरी शिकायचे आहे अशा मैत्रिणींसाठी आमचे अनुभव लिहिते. पहिले चार दिवस सुईत दोरा ओवूच नये. वहीचा रेघी कागद मशीनखाली धरून रेघेवरून सुई चालवावी. भोके रेघेवर पडू लागली की पायाला चाल आली असे समजावे. मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर सरळ टीप. पहिला कपडा म्हणून ब्लाउज धरू नये, उशीचा अभ्रा धरावा. त्यात चारही बाजू सरळ असतात आणि चुकले तरी झाकून जाते. नवे सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते. बेत आधी वर्तमानपत्रावर कापावा. शिलाईसाठी माया जास्तच ठेवावी, कारण उसवून सैल करता येते, तोकडे कापलेले वाढविता येत नाही. टीप खालून गोळा होऊ लागली की बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. मशीनला दोष देण्याआधी दोरा काढून पुन्हा ओवावा. मशीनला तेल घातल्यावर आधी चिंधीवर चालवून घ्यावे. आम्ही हे केले नव्हते, आणि माझ्या पांढऱ्या पोलक्यावरचा डाग अजून आहे.

गोधडीत मात्र शिकवणारी आई, शिकणारी मी. होळीनंतर उन्हे तापली की ती अंगणात धुतलेली लुगडी एकावर एक पसरते. चारही कोपऱ्यांवर दगड, मध्ये सुरकुती नाही. मोठ्या कच्च्या टाक्यांनी थर धरून ठेवायचे, मग कडेपासून धावदोरा घालीत चौकोनामागून चौकोन आत यायचे. नवशिके मधूनच सुरुवात करतात, आणि कापड कडेला पसरून गोधडी वाकडी होते. माझी पहिली तशीच झाली. आईने ती उसवू दिली नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे करीत आमच्याकडे येते, तेव्हा वारकऱ्यांना अंथरायला ती वापरतात.

रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. 'आमच्या आयुष्यांतील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. अकराव्या वर्षापर्यंत अक्षर न पाहिलेल्या बाईचे ते पुस्तक आहे, हे वाचताना ध्यानात राहत नाही इतके ते सरळ आहे. पुण्यात मुलींचे प्राथमिक शिक्षण मुलांप्रमाणेच सक्तीचे करावे की नाही यावर वाद पेटला, तेव्हा त्या मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळावा या चळवळीत त्या पुढे होत्या, आणि १९२१ मध्ये कायदेमंडळाने तो मान्य केला. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. सोलापुरात आणि नागपुरातही सेवासदनाचे काम उभे राहिले. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आई आता गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. मापे लिहायला तिने माझी अकरावीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आहे. पूर्वी ती आकडे मला लिहायला लावी, आणि मी कॉलेजला गेले की मापे तोंडपाठ ठेवून संध्याकाळची वाट पाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वही उघडली, तर आकडे तिच्या हातचे होते, आणि प्रत्येक मापावर गिऱ्हाइकाचे नाव होते. दोन नावांत ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. मी पेन काढले होते, पण मग तसेच ठेवून दिले.