टिंक्चर, पाणी आणि शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे हे नाव आपल्यासारख्या साहित्याच्या मुलांना ठाऊक असलंच तर ते छपाईमुळं. अक्षरांचे खिळे ओतणारं ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांचं. मलाही तेवढंच माहीत होतं. आयोडीनवरचं त्यांचं काम मला यंदा समजलं.

भिसे २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मले. तरुणपणीच त्यांनी सायंटिफिक क्लब काढला आणि ‘विविध कलाप्रकाश’ हे मासिक चालवून शास्त्र मराठीत सांगितलं. हे वाचून मी जरा खजील झाले, कारण पोलॅरिटीला मराठीत ध्रुवता म्हणतात हे मला शब्दकोश उघडल्यावर कळलं. पुढं पीठ, साखर असा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेला लंडनचं बक्षीस मिळालं आणि ते तिकडं गेले. दादाभाई नवरोजींनी हात दिला. सर रतन टाटांनी (२०२४ साली गेलेले नव्हेत, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव) यंत्रात पैसा घातला. तरी धंदा बसला नाही. मग अमेरिका.

तिथं त्यांनी ‘ॲटोमिडिन’ हे आयोडीनचं औषध तयार केलं, पाण्यात थेंब टाकून घ्यायचं. आता यात एवढं काय, असं वाटेल.

निपाणीला चर्चच्या पटांगणात मी पडले, की आजी टिंक्चर लावायची. ते स्पिरिटमधलं, म्हणून भयंकर झोंबायचं. पाण्यात का करत नाहीत, असं मी रडत विचारायची. उत्तर बीएस्सीच्या मैत्रिणीनं लॅबमध्ये दाखवलं. आयोडीनचे खडे स्पिरिटमध्ये टाकले, क्षणात दाट तपकिरी. पाण्यात टाकले, तर नुसती पिवळसर झाक आणि खडे तळाशी तसेच. लिटरभर पाण्यात जेमतेम ०.३ ग्रॅम विरघळतं बघा.

पाण्याच्या रेणूला एक बाजू किंचित ऋण, दुसरी धन, त्यामुळं ते एकमेकांना घट्ट धरून असतात. आयोडीनच्या रेणूत दोन्ही अणू सारखेच, ओढ कुठल्याच बाजूला नाही. त्याच्यासाठी पाणी आपली पकड सोडत नाही. स्पिरिटच्या रेणूचं एक टोक पाण्यासारखं, दुसरं तेलाच्या जातीचं, म्हणून त्याला दोन्ही चालतात. पाण्यात आयोडीन घालायचंच, तर आधी त्याला दुसऱ्या कशाची जोड द्यावी लागते. १८२९ साली लुगोल या फ्रेंच डॉक्टरनं पोटॅशियम आयोडाइड घातलं. आयोडीनला ऋण भार मिळाला आणि पाण्यानं त्याला आत घेतलं. ॲटोमिडिनमध्ये जोड क्लोरीनची, आयोडीन ट्रायक्लोराइड.

यंत्रांचा माणूस पन्नाशीच्या आसपास औषधाकडं वळतो, याचं मला त्यांच्या यंत्रांपेक्षा जास्त अप्रूप वाटतं. ७ एप्रिल १९३५ रोजी ते न्यूयॉर्कला वारले.

मैत्रिणीनं ती पाण्याची परीक्षानळी रात्रभर तशीच ठेवली होती. सकाळी जाऊन बघितलं, खडे होते तिथंच होते.