कुर्ट लेविन : वर्गाचे वातावरण शोधणारे शिक्षक



आपल्याला घडवणाऱ्या शिक्षकांवर लिहा, असे संपादक मंडळाने कळवले. शाळेतल्या गुरुजनांवर आपल्यापैकी अनेकजण लिहितीलच, म्हणून मी आपल्या शाळेची पायरी कधीच न चढलेल्या एका शिक्षकावर लिहितो आहे. अध्यापक विद्यालयातल्या नोकरीत मी भावी शिक्षकांकडून वर्षानुवर्षे कृतिसंशोधन करून घेतले. आपल्यातल्या ज्यांनी डी.एड., बी.एड. केले, त्यांनाही तो अहवाल लिहावा लागला असेल. त्या कल्पनेच्या मुळाशी असलेले समाजमानसशास्त्रज्ञ म्हणजे कुर्ट लेविन.

त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० रोजी मोगिल्नो या लहानशा गावी, एका ज्यू दुकानदाराच्या घरी झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे. मुलांच्या शिक्षणासाठी १९०५ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. लेविन यांनी आधी वैद्यक, मग जीवशास्त्र घेतले आणि शेवटी ते मानसशास्त्राकडे वळले. स्वतः विद्यार्थी असतानाच त्यांनी मित्रांबरोबर कामगारांसाठी वर्ग चालवले. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीसाठी लढले आणि जखमीही झाले.

१९२१ पासून ते बर्लिन विद्यापीठात शिकवू लागले. त्या काळचे जर्मन प्राध्यापक विद्यार्थ्यांपासून चार हात दूर असत. लेविन मात्र विद्यार्थ्यांबरोबर कॉफीच्या टेबलाभोवती तासन्‌तास चर्चा करत. त्यांच्याकडे विद्यार्थिनीही बऱ्याच होत्या. पुरे झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम मनात जास्त टिकते, हे दाखवणाऱ्या ब्लूमा झायगार्निक त्यांच्याच विद्यार्थिनी.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. लेविन तेव्हा अमेरिकेतले पाहुणे अध्यापन संपवून परतत होते. ज्यू माणसाला इथे भवितव्य नाही हे ओळखून त्याच वर्षी ते कुटुंबासह अमेरिकेला गेले. आई मागे राहिली. तिला बाहेर काढण्याची त्यांची धडपड व्यर्थ गेली आणि ती नाझींच्या छळछावणीत मारली गेली. शिकलीसवरलेली माणसे एका हुकमाखाली अशी कशी वागतात, हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता पुस्तकी उरला नाही.

अमेरिकेत आधी कॉर्नेल आणि मग १९३५ पासून आयोवा विद्यापीठाचे बालकल्याण संशोधन केंद्र, असा त्यांचा प्रवास झाला. आयोवात रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेला प्रयोग प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावा असा आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छंदमंडळे काढली. प्रत्येक मंडळात पाच मुले आणि एक मोठा माणूस. एका भूमिकेत तो सगळे स्वतः ठरवी आणि एकेक पायरी हुकूम देऊन करून घेई. दुसऱ्या भूमिकेत मुलांशी बोलून काम ठरे आणि तो मदतीला असे. तिसऱ्या भूमिकेत तो मुलांना त्यांच्यावरच सोडून देई. महत्त्वाचे म्हणजे तीच माणसे आलटून पालटून वेगवेगळ्या भूमिका घेत, त्यामुळे फरक स्वभावाचा की भूमिकेचा हे तपासता आले.

हुकूमशाही मंडळात काम कमी झाले नाही, उलट थोडे जास्तच झाले. पण मुले एकतर मुकाट झाली, नाहीतर आपसात भांडू लागली आणि एखाद्याच मुलावर सगळा राग काढू लागली. खरी कसोटी पुढची होती. मोठा माणूस मुद्दाम खोलीबाहेर जाई. तो गेला की हुकमाच्या मंडळातले काम ढेपाळे. विचारविनिमयाच्या मंडळातले काम जवळजवळ तसेच चालू राही. तिसऱ्या मंडळात कामही कमी आणि समाधानही कमी. मोकळे सोडणे म्हणजे लोकशाही नव्हे, हेही त्यातून कळले. मंडळे मोजकीच होती, त्यामुळे या निष्कर्षांना मर्यादा आहेत. तरी वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंतून घडते, हे लेविन यांचे सूत्र इथे डोळ्यांना दिसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांसाचा तुटवडा होता. प्राण्यांचे हृदय, मूत्रपिंड असे सहसा न खाल्ले जाणारे भाग गृहिणींनी रांधावेत, म्हणून त्यांनी दोन रीती ताडून पाहिल्या. नुसते व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी तसे केले. गटात चर्चा करून स्वतः निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी केले. आपण शिक्षक तासन्‌तास बोलतो, त्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

पुढे त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गटगतिकीचे केंद्र उभारले. कृती करायची, परिणाम तपासायचा आणि त्यावरून पुढची कृती ठरवायची, ही रीत त्यांनी १९४६ च्या लेखात मांडली. त्यानंतर काही महिन्यांतच, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, हृदयविकाराने ते गेले. वय अवघे ५६. पुढे स्टीफन कोरी यांनी ही रीत शाळांपर्यंत नेली आणि ती आपल्या अध्यापक विद्यालयांतही आली. अनेक ठिकाणी ती गुणांपुरती, जुना अहवाल उतरवून उरकली जाते, याचे मला वाईट वाटते. आपल्याच वर्गात काय चालले आहे हे शिक्षकाने स्वतः तपासावे, एवढी साधी गोष्ट त्यात होती.

आपल्या शाळेतही तिन्ही भूमिका पाहायला मिळाल्या. कोणत्या तासाला कोणती, हे नावे न घेताही आपल्याला ठाऊक आहे! गुरुजन वर्गाबाहेर गेल्याला आता कितीतरी वर्षे झाली. तरी या मेळाव्यासाठी कोणी पत्ते शोधले, कोणी वर्गणी गोळा केली, कोणी या स्मरणिकेची मुद्रिते तपासली, आणि यातले काहीच कोणी हुकूम सोडून करवून घेतले नाही. लेविन यांच्या कसोटीवर आपल्या गुरुजनांना किती गुण द्यायचे, ते आपणच ठरवावे.