दाराआडची लक्ष्मी

राजा रविवर्मा म्हणजे राजवाडे आणि महाराण्या, असंच आपल्याला वाटतं ना? मला तो आवडतो त्याच्या छापखान्यामुळे. त्यात तो बुडाला, आणि आपल्या घराघरात आला!

जन्म केरळातल्या किळिमानूरचा, १८४८चा. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, मग संस्थानिकांची बोलावणी. बडोद्यासाठी काढलेली १४ पौराणिक चित्रं तर खूप गाजली. पण तैलचित्र परवडणार कुणाला? चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असं सर टी. माधवरावांनी आधीच सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला, यंत्रं आणि कारागीर जर्मन. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकाच कागदावर पुन्हा पुन्हा छापायचं. जरा सरकलं, की लक्ष्मीचं कुंकू भुवईवर!

त्यात मुंबईत प्लेग आला. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. कर्ज काही फिटेना. शेवटी फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला तो विकावा लागला. १९०५ मध्ये कायम सोबत चित्रं काढणारा धाकटा भाऊ गेला, १९०६ मध्ये रविवर्मा. चित्रं मात्र छापली जातच राहिली. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत जळाला.

ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवता येत नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर या कागदातून देव आला. बायकांनी त्या देवींना जर लावली, टिकल्या डकवल्या, कुणी साडीचा काठ रंगवला. इथे उमरीत आमच्या सासूबाईंच्या कपाटाच्या दाराला आतून अशीच सजवलेली लक्ष्मी आहे. कोपरासुद्धा उचललेला नाही.

त्यांची रीत सांगते. रंग आधी द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. मैद्याची खळ शिजवून, गाळून, गार करून घ्यायची. कसर लागू नये म्हणून त्यात कणभर मोरचूद (विषारी असतं, पोरांपासून लांब!). खळ लावल्याबरोबर चिकटवायची घाई नको. ओली बाजू फुगते, म्हणूनच कागद वळतो. पाच मिनिटं थांबलं की तो सैल पडतो. मग मधून कडेकडे फडक्याने दाबत न्यायचा. फळी पातळ असेल तर मागूनही साधा कागद लावायचा, नाहीतर वाळताना ती फळीच वाकते.

जुनं कपाट भंगारात द्यायला काढलंत, तर आधी दार उघडून बघा बाई. आणि ओलं फडकं तर मुळीच लावू नका.