विल्यम बँटिंग

हा लेख लंडनमधील व्यावसायिक विल्यम बँटिंग यांच्याविषयी आहे. इन्सुलिनच्या शोधाशी निगडित असलेले कॅनडाचे शास्त्रज्ञ फ्रेडरिक बँटिंग यांच्याशी त्यांची गल्लत करू नये.

विल्यम बँटिंग (इ.स. १७९६ – १६ मार्च, इ.स. १८७८) हे अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे लंडनमधील प्रतिष्ठित व्यावसायिक होते. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी आहारात बदल करून सुमारे एका वर्षात ४६ पौंड (जवळजवळ २१ किलो) वजन कमी केले आणि तो अनुभव इ.स. १८६३ मध्ये एका छोट्या पुस्तिकेच्या रूपाने लोकांपुढे ठेवला. ते वैद्य नव्हते, शास्त्रज्ञही नव्हते. तरीही वजन उतरवण्याच्या इतिहासात त्यांचे नाव टिकून राहिले. त्यांच्या आहाराची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने त्यांनी ठेवलेल्या तारीखवार वजनाच्या नोंदीकडे कमी लक्ष गेले, आणि प्रस्तुत लेखात भर तिच्यावरच आहे.

कुटुंब व व्यवसाय

बँटिंग घराण्याची पेढी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर २७ क्रमांकाच्या जागेत होती. राजघराण्यातील अंत्यविधींची व्यवस्था या पेढीकडे असे. राजे तिसरे जॉर्ज (१८२०) व चौथे जॉर्ज (१८३०), सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन (१८५२) आणि व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट (१८६१) यांच्या अंत्ययात्रा याच पेढीने पार पाडल्या. कामाला शिस्त, वेळेचे भान आणि चोख हिशेब लागत असे. बँटिंग यांनी पुढे स्वतःच्या वजनाचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे ठेवला, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

तीस वर्षांचे निष्फळ उपाय

बँटिंग यांच्या आईवडिलांच्या घराण्यांत कोणी लठ्ठ नव्हते. ते स्वतःही आळशी किंवा खादाड नव्हते. तिशी ओलांडल्यावर मात्र त्यांचे शरीर सुटू लागले. स्नेही असलेल्या एका शल्यचिकित्सकाच्या सल्ल्याने ते रोज पहाटे दोन तास नाव वल्हवू लागले. स्नायूंना बळ आले, पण भूकही तितकीच वाढली आणि वजन आणखी चढले, तेव्हा त्याच स्नेह्याने हा व्यायाम थांबवायला सांगितले.

त्यानंतर तीन दशके उपायांची रांग लागली. समुद्रस्नान, भरपूर चालणे, घोडेस्वारी, लीमिंग्टन, चेल्टनहॅम आणि हॅरोगेट येथील औषधी पाण्याचे झरे, क्षारयुक्त औषधांचे डोस, तुर्की पद्धतीची वाफेची स्नाने असे सारे त्यांनी करून पाहिले. कशाने काही पौंड उतरले तर ते लवकरच परत आले. एका नामांकित वैद्याने तर वयाबरोबर वजन वाढणे स्वाभाविकच आहे, असे समजावून त्यांची बोळवण केली.

इ.स. १८६२ पर्यंत अवस्था बिकट झाली होती. पाच फूट पाच इंच उंचीच्या बँटिंग यांना वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. गुडघ्यांवर आणि घोट्यांवर भार येऊ नये म्हणून ते जिना पाठमोरे उतरत. गुडघ्यांना पट्ट्या होत्या, बेंबीचा हर्निया होता, दृष्टी मंदावली होती आणि ऐकू येणेही कमी झाले होते. याहून त्यांना अधिक बोचे ती लोकांची थट्टा. ती टाळण्यासाठी त्यांनी सार्वजनिक ठिकाणी जाणे जवळजवळ सोडून दिले होते. स्थूल माणसाला कुचेष्टा सोसावी लागते आणि तिचा त्रास हसणाऱ्याला कळत नाही, ही गोष्ट त्यांनी पुस्तिकेत मोकळेपणाने मांडली. त्या काळातील प्रतिष्ठित गृहस्थाने असे लिहिणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

डॉ. विल्यम हार्वी यांचा सल्ला

ऑगस्ट १८६२ मध्ये बँटिंग बहिरेपणाच्या तक्रारीसाठी लंडनच्या सोहो स्क्वेअरमधील कानाचे शल्यचिकित्सक विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे सतराव्या शतकातील विल्यम हार्वी वेगळे.) मूळ दोष कानात नसून अतिरिक्त मेदात आहे, असा निष्कर्ष हार्वी यांनी काढला. काही वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये त्यांनी क्लोद बेर्नार यांची यकृत आणि शर्करा या विषयावरील व्याख्याने ऐकली होती. पिष्टमय आणि गोड पदार्थांनी जनावरे पुष्ट होतात, हेही त्यांना माहीत होते. या दोन गोष्टींची सांगड घालून त्यांनी आहार ठरवला.

पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे सहा पदार्थ बँटिंग यांना वर्ज्य झाले. तोपर्यंत त्यांचे दिवसाचे खाणे बहुतांशी याच पदार्थांचे होते. त्याऐवजी डुकराचे वगळून इतर मांस, मासे, बटाट्याखेरीज इतर भाज्या, थोडी फळे, बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा चहा आणि कोरड्या भाजलेल्या पावाचा लहानसा तुकडा असे मोजून मापून खाणे सुरू झाले. जेवणाबरोबर तांबड्या वाइनचे दोन-तीन पेलेही होते. आजचा कोणताही वैद्य हा शेवटचा भाग मान्य करणार नाही.

वजनाची नोंद

२६ ऑगस्ट १८६२ रोजी बँटिंग यांचे वजन २०२ पौंड (सुमारे ९१.६ किलो) भरले. पुढे साधारणपणे दर तीन आठवड्यांनी ते वजन करत आणि आकडा तारखेसह लिहून ठेवत. रोज काट्यावर उभे राहण्याचा सोस त्यांनी केला नाही, हे चांगलेच झाले. शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार वजन रोज थोडेफार वरखाली होते आणि रोजचे आकडे पाहणारा माणूस उगाच हुरळतो किंवा खचतो.

महिन्याभरात, २७ सप्टेंबरला, वजन १९७ पौंडांवर आले. २४ डिसेंबरला ते १८४ होते, म्हणजे सतरा आठवड्यांत अठरा पौंड उतरले. नंतर गती मंदावली. जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत दर तीन आठवड्यांना दोनच पौंड कमी होत गेले आणि १८ मार्च १८६३ रोजी वजन १७६ पौंड झाले. नाताळपासूनच्या बारा आठवड्यांची ही कमाई आठ पौंडांची होती. अशा टप्प्यावर अनेक जण उपाय निकामी झाला असे समजून तो सोडून देतात. बँटिंग यांनी सोडला नाही. पुढील पंधरा आठवड्यांत दर तीन आठवड्यांना तीन पौंड याप्रमाणे पंधरा पौंड उतरले आणि १ जुलैला आकडा १६१ झाला. त्यानंतर वेग पुन्हा कमी झाला. २६ ऑगस्टला, बरोबर एका वर्षाने, वजन १५६ पौंड (सुमारे ७०.८ किलो) होते. १२ सप्टेंबरलाही ते १५६ च राहिले.

एकूण घट ४६ पौंडांची. कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला. जिना सरळ उतरता येऊ लागला, गुडघ्यांच्या पट्ट्या सुटल्या आणि ऐकण्यात सुधारणा झाली.

हे आकडे थोडे उलटसुलट करून पाहण्यासारखे आहेत. वर्षभराची सरासरी आठवड्याला एका पौंडाहूनही कमी, म्हणजे जेमतेम चारशे ग्रॅम येते. बँटिंग यांनी हेच वजन तीन महिन्यांत उतरवायचे ठरवले असते, तर आठवड्याला साडेतीन पौंड उतरावे लागले असते. प्रत्यक्षात ३ डिसेंबरपर्यंत, म्हणजे तीन महिने उलटून गेल्यावर, पंधरा पौंड कमी झाले होते. हा एकूण घटीचा तिसरा हिस्साही नव्हे. तीन महिन्यांच्या मुदतीच्या दृष्टीने ते अपयश ठरले असते, तर वर्षाच्या मुदतीत तेच आकडे अगदी योग्य वाटेवर होते. मार्चमध्ये त्यांनी कंटाळून आहार सोडला असता, तर पुढचे वीस पौंड उतरलेच नसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने इ.स. १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सहा महिन्यांत मूळ वजनाच्या सुमारे दहा टक्के घट हे आरंभीचे उद्दिष्ट सांगितले आहे. बँटिंग यांचे वजन पहिल्या सहा महिन्यांत सुमारे बारा टक्के घटले होते. वजन कमी होत जाते तशी शरीराची ऊर्जेची गरजही घटते. त्यामुळे तोच आहार ठेवूनही पुढे घट मंदावणे शरीराच्या नियमाला धरूनच असते. आणखी एक गोष्ट म्हणजे, वर्षाअखेरीसही बँटिंग सडपातळ झाले नव्हते. त्यांचा शरीरवस्तुमान निर्देशांक सुमारे ३३.६ वरून २६ वर आला होता. आजच्या मोजमापाने ते अजूनही थोडे स्थूलच होते, पण बुटाची नाडी बांधू शकत होते.

पुस्तिका आणि तिचे पडसाद

मे १८६३ मध्ये बँटिंग यांनी 'लेटर ऑन कॉर्प्युलन्स' (स्थूलतेविषयी पत्र) ही पुस्तिका स्वखर्चाने छापली. पहिल्या दोन आवृत्त्या त्यांनी फुकट वाटल्या. मागणी इतकी वाढली की पुढची आवृत्ती विक्रीस काढावी लागली. तिच्यातून झालेला नफा त्यांनी धर्मादाय कामांना दिला, स्वतः घेतला नाही.

वैद्यकवर्गाने मात्र नाके मुरडली. 'द लॅन्सेट' या नियतकालिकाने बँटिंग यांना वैद्यकीय लेखनात लुडबूड न करण्याचे सुनावले. यात नवे काहीच नाही, असे काहींचे म्हणणे होते आणि ते अगदीच खोटे नव्हते. फ्रान्समध्ये ब्रिया-साव्हारँ यांनी इ.स. १८२५ मध्येच पिष्टमय पदार्थ कमी करण्याचा सल्ला दिला होता. व्यंगचित्रकारांना आणि विनोदी लेखकांना तर आयतेच खाद्य मिळाले. टीकेचा रोख हार्वी यांच्याकडेही वळला. पुढे त्यांनी आपली भूमिका मांडणारे स्वतंत्र पुस्तक इ.स. १८७२ मध्ये प्रसिद्ध केले.

सामान्य वाचकांनी मात्र पुस्तिका उचलून धरली. बँटिंग यांचे आडनाव इंग्रजीत क्रियापदासारखे वापरले जाऊ लागले. स्वीडिश भाषेत 'बांता' हे क्रियापद वजन कमी करण्यासाठी पथ्य पाळणे या अर्थाने आजही रूढ आहे. जर्मनीत फेलिक्स फॉन नीमायर यांनी या आहारात फेरफार करून त्याचा प्रसार केला.

भारतीय संदर्भ

क्रमाक्रमाने मेद घटवण्याचा विचार भारतीय वैद्यकाला परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाला होणारे त्रास सांगितले आहेत. त्यावर पचायला जड पण पोषण कमी करणारे अन्न सुचवले असून, व्यायाम, जागरण इत्यादी गोष्टी एकदम न करता क्रमाने वाढवाव्यात असे सांगितले आहे. जव, मूग आणि कुळीथ या धान्यांचा उल्लेखही तेथे येतो.

अलीकडच्या काळात महाराष्ट्रात नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी इन्सुलिनच्या स्रावाचा विचार करून दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत मांडली. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मराठवाड्यातील लातूर येथून तिचा मोठा प्रसार केला. बँटिंग यांच्याशी या पद्धतीचा थेट संबंध जोडता येत नाही, मात्र पिष्ट आणि साखर यांच्याकडे पाहण्याची दृष्टी जवळची आहे.

बँटिंग यांच्या ताटाची नक्कल आपल्याकडे करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. हिंगोली-परभणीकडे ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हेच जेवण असलेल्या शाकाहारी माणसाला तो आहार लागू पडणार नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा बदल करूच नये. मात्र त्यांच्या नोंदीतील तारखा आणि त्यांमधील अंतर यांना ताटातील पदार्थांचे बंधन नाही.

उत्तरायुष्य

वजन उतरल्यानंतर बँटिंग जवळजवळ पंधरा वर्षे जगले. पुस्तिकेच्या पुढील आवृत्त्यांसाठी ते माहितीची भर घालत राहिले. गेलेले वजन पूर्वीप्रमाणे परत आले नाही. १६ मार्च १८७८ रोजी लंडन येथे वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ब्रॉम्प्टन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. त्यांच्या पश्चात पेढीने राजघराण्याची सेवा चालू ठेवली आणि इ.स. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या अंत्यविधीचे कामही तिच्याकडेच आले.